घशातल्या स्ट्रेपचे ४४ टक्के रेझिस्टंट आले, म्हणजे विभागातल्या लोकांमध्ये रेझिस्टन्स पसरलाय का?

नमस्कार डॉक्टर. तुमचा प्रश्न नीट वाचला. मला समजलं ते असं: तुमच्या विभागातल्या लॅबमध्ये सहा महिन्यांत घशाच्या स्वॅबमधून ३२ स्ट्रेप्टोकोकस (स्ट्रेप म्हणतो ते जंतू) मिळाले, त्यातले १४, म्हणजे ४४ टक्के, इरिथ्रोमायसिनला रेझिस्टंट आले, त्या औषधाला दाद देईनात, दोन रिपोर्टांत तर पेनिसिलिनपुढेही रेझिस्टंट लिहून आलंय, आणि आता वरिष्ठांनी सांगितलंय की पुढच्या मीटिंगमध्ये विभागातल्या स्ट्रेप रेझिस्टन्सवर एक स्लाइड मांडा. ॲझिथ्रोमायसिन बंद करून सगळ्यांना सेफिक्सिम सुरू करायचं का, हेही तुम्हाला ठरवायचंय.

मी बरीच वर्षं क्लिनिकल मायक्रोबायोलॉजीत आहे, रोज सकाळी ब्लड अगरच्या प्लेटी बघणं हेच काम, त्यामुळे लॅबच्या बाजूने सांगते. तुम्ही विचारलाय एक प्रश्न पण त्यात तीन अडकलेत. समोरच्या पेशंटला काय द्यायचं, रिपोर्ट बरोबर आहे का, आणि लोकांमध्ये रेझिस्टन्स किती आहे. ४४ हा एकच आकडा बघून तिन्हींची उत्तरं काढायला गेलं की गोंधळ होतो.

पेशंटचं आधी सांगते कारण उद्या ओपीडी आहेच. ग्रुप ए स्ट्रेप, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस, याने घसा आला असेल तर पहिलं औषध पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण दहा दिवस, आणि दहा दिवस गोळ्या घेतल्या जाणार नाहीत असं वाटलं तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन. इरिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स ४ टक्के असो की ४४, यात काहीही फरक पडत नाही. मॅक्रोलाइड (इरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन यांचा गट) हे पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यांसाठी ठेवलेलं औषध आहे, ते सगळ्यांना जायला लागलं ही वेगळीच अडचण आहे आणि तिच्याकडे मी पुढे येते. सेफिक्सिमवर जाऊ नका. जो स्ट्रेप साध्या पेनिसिलिनने मरतो त्याच्यासाठी थर्ड जनरेशन सेफालोस्पोरिन वापरलं तर घशाला जास्त फायदा काही नाही, आणि आतड्यातल्या ई. कोलाय, क्लेबसिएला या मंडळींवर विनाकारण दबाव येतो, तिथे ईएसबीएलवाले, म्हणजे असली सेफालोस्पोरिन फोडणारं एन्झाइम असलेले, निवडून वर येतात. एका जंतूची काळजी करताना दुसऱ्याचा रेझिस्टन्स वाढवून ठेवायचा, असं होईल ते.

आता ते दोन पेनिसिलिन रेझिस्टंट रिपोर्ट. हे स्लाइडवर टाकायच्या आधी थांबा. स्ट्रेप पायोजेनिसवर पेनिसिलिन १९४० च्या दशकापासून वापरलं जातंय आणि आजपर्यंत या जंतूत पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम सापडलेलं नाही, पेनिसिलिनला खऱ्या अर्थाने रेझिस्टंट असा पेशंटमधला आयसोलेट (नमुन्यातून वाढवलेला जंतू) पक्का सिद्ध झालेला नाही. २०२० मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या दोन आयसोलेटबद्दल छापून आलं होतं, पेनिसिलिन ज्याला चिकटतं त्या पीबीपी-टू-एक्स या प्रोटीनमध्ये बदल होता आणि अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिनची एमआयसी (वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी औषध) वाढलेली होती, पण तरीही ते सेन्सिटिव्हच्या हद्दीतच होते. तेवढ्यावर जगभरच्या मायक्रोबायोलॉजिस्टनी कान टवकारले. यावरून लक्षात घ्या की रेझिस्टंट असा रिपोर्ट खरा निघाला तर ती केवढी मोठी बातमी ठरेल, आणि म्हणूनच आधी चूक कुठे झाली ते शोधायचं.

चूक बहुतेक वेळा फार साधी असते. सेन्सिटिव्हिटीच्या हद्दी ठरवणारी सीएलएसआय ही अमेरिकी संस्था आहे, तिच्या टेबलात बीटा-हिमोलिटिक स्ट्रेपसाठी (प्लेटवरचं रक्त पूर्ण विरघळवणारे, ग्रुप ए त्यातलाच) पेनिसिलिनच्या १० युनिट डिस्कपुढे एकच हद्द दिलीय, झोन, म्हणजे डिस्कभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ, २४ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर सेन्सिटिव्ह. रेझिस्टंटचा रकाना तिथे रिकामा आहे, कारण तसा जंतूच नाही. मग तुमच्या रिपोर्टवर रेझिस्टंट आलं कुठून? स्टॅफिलोकोकसच्या टेबलात त्याच डिस्कला २८ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट असं आहे. म्हणजे समजा २६ चा छान झोन आला आणि टेक्निशियनने किंवा सॉफ्टवेअरने स्टॅफचं टेबल लावलं, तर ठणठणीत सेन्सिटिव्ह जंतू रेझिस्टंट म्हणून बाहेर पडतो. लॅबला फोन करून फक्त एवढंच विचारा की झोन किती मिलिमीटर होता आणि वाचला कुठल्या टेबलाने. अर्ध्या वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

तिथे नाही मिटलं तर जंतूची ओळख परत तपासायला सांगा. घशात स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस नावाचा एक गट राहतो, त्यातल्या काहींवर लान्सफिल्डचं ए अँटिजेन (ग्रुप ठरवणारी खूण) असतं, ग्रुपिंगच्या किटमध्ये ते सरळ ग्रुप ए म्हणून लागतात. पण हे पायोजेनिस नव्हेत. कॉलनी बारीक, टाचणीच्या टोकाएवढी असते आणि पीवायआर नावाची एन्झाइमची टेस्ट निगेटिव्ह येते, पायोजेनिसमध्ये ती पॉझिटिव्ह येते. या गटात पेनिसिलिनला कमी दाद देणारे सापडतात. त्यामुळे ग्रुप ए आलं, पेनिसिलिन रेझिस्टंट आलं आणि पीवायआर केलेलीच नाही, असा रिपोर्ट असेल तर माझा पहिला संशय यांच्यावर. ग्रुप ए ओळखायला लावतात त्या बॅसिट्रासिन डिस्कवर एकट्यावर विसंबू नका. नंतर मग कॉलनी प्युअर होती का, डिस्क कुठे ठेवल्या होत्या, कंट्रोल म्हणून न्यूमोकोकसचा (हाही एक स्ट्रेपच) ठरलेला स्ट्रेन एटीसीसी ४९६१९ त्या आठवड्यात लावला होता का हे बघायचं. एवढं सगळं करूनही रेझिस्टंटच राहिला तर आयसोलेट फ्रीज करून रेफरन्स लॅबला पाठवा, फेकून अजिबात देऊ नका.

आता मूळ मुद्दा, लोकांमध्ये किती. माझं सरळ मत असं की तुमच्या ३२ आयसोलेटवरून विभागाबद्दल बोलता येत नाही, आणि ते फक्त संख्या कमी म्हणून नाही. संख्या तर कमी आहेच. ३२ पैकी १४ चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण २८ ते ६१ येतो, म्हणजे खरा आकडा पाव भागाच्या आसपासही असेल आणि निम्म्याहून जास्तही असेल, दोन्ही या डेटाशी जुळतं. सीएलएसआयचं अँटिबायोग्रामचं (कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती टक्के चालतं याचा तक्ता) मार्गदर्शन किमान ३० आयसोलेट म्हणतं, ते तुम्ही पार केलंय, पण ३० हा अगदी तळाचा आकडा आहे, त्यावर एक टक्केवारी छापता येते, मागच्या वर्षाशी तुलना करता येत नाही.

त्याहून मोठी अडचण ही की ते ३२ जण कोण होते. घसा दुखतो म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचा स्वॅब कोणी घेत नाही. स्वॅब कोणाचा जातो? ज्याला आधीच ॲझिथ्रोमायसिनचा एक कोर्स झालाय आणि बरं वाटलेलं नाही, जो पुन्हापुन्हा येतोय, जो ॲडमिट झालाय. मॅक्रोलाइड घेऊन बरे झालेले सेन्सिटिव्हवाले पेशंट घरीच राहिले, लॅबपर्यंत पोचलेच नाहीत. गॅरेजमध्ये उभ्या गाड्या मोजून रस्त्यावरच्या किती गाड्या बिघडल्यात हे सांगण्यासारखं आहे हे. तेव्हा १४ रेझिस्टंटपैकी किती जणांनी आधीच्या महिन्यात मॅक्रोलाइड घेतलं होतं हे केसपेपर काढून बघा. नुसतं हे एक पान लिहून काढलंत तरी तुमच्या स्लाइडला अर्थ येईल.

त्याच वेळी डुप्लिकेट काढून टाका. एकाच मुलाचे तीन स्वॅब, तिन्ही रेझिस्टंट, आणि यादीत तीन ओळी, हे मी कित्येक डेटा शीटमध्ये बघते. नियम असा की एका पेशंटचा त्या काळातला पहिला आयसोलेट धरायचा, बाकीचे सोडायचे. भावंडं, एकाच वसतिगृहातली मुलं ही डुप्लिकेट नाहीत पण त्यांच्यावर खूण करून ठेवा, ते का ते पुढे येईलच.

आणि यादीत नुसतं स्ट्रेप्टोकोकस लिहिलंय की पूर्ण नाव आहे तेही बघा. घशात व्हिरिडन्स स्ट्रेप सगळ्यांच्याच असतात, ते तिथले कायमचे रहिवासी, आणि त्यांच्यात मॅक्रोलाइड रेझिस्टन्स मुळातच खूप असतो. त्यांची अल्फा-हिमोलिटिक कॉलनी उचलून तिची सेन्सिटिव्हिटी लावली आणि ते पायोजेनिसबरोबर एकाच रकान्यात गेले तर टक्केवारी फुगणारच. ग्रुप सी, ग्रुप जी वेगळे मोजा. न्यूमोकोकस तर पूर्ण वेगळा विषय आहे, त्याच्यात पेनिसिलिनचा रेझिस्टन्स खरोखर आहे. तो शेजारच्या व्हिरिडन्सकडून पीबीपीच्या जीनचे तुकडे उचलून आपल्यात बसवतो, पायोजेनिसला ते अजून जमलेलं नाही.

न्यूमोकोकसचा विषय निघालाच आहे तर वर्षावर्षाची तुलना करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. आधी न्यूमोकोकससाठी पेनिसिलिनची एमआयसी २ किंवा जास्त आली की रेझिस्टंट धरायचे. २००८ मध्ये सीएलएसआयने मेनिंजायटिस सोडून बाकीच्या इन्फेक्शनसाठी, इंजेक्शनच्या पेनिसिलिनपुरती, सेन्सिटिव्हची हद्द २ पर्यंत नेली आणि रेझिस्टंट ८ पासून केलं, मेनिंजायटिससाठी मात्र ०.०६ हीच कडक हद्द ठेवली. एका रात्रीत टक्केवारी खाली आली, जंतू तेच होते. तुमच्या विभागाचा जुना डेटा कोणी पुढे केला तर तो कुठल्या वर्षीच्या टेबलाने वाचलाय, सीएलएसआय की युकास्ट (युरोपातली तशीच संस्था), हे विचारल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नका.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, ते १४ रेझिस्टंट आहेत तरी कसे. सगळे रेझिस्टंट एका जातीचे नसतात आणि हे बघायला महागडी मशीन लागत नाही, डी टेस्ट पुरते. म्यूलर-हिंटन अगरमध्ये ५ टक्के मेंढीचं रक्त, त्यावर जंतूची एकसारखी लॉन, मग १५ मायक्रोग्रॅमची इरिथ्रोमायसिन डिस्क आणि २ मायक्रोग्रॅमची क्लिंडामायसिन डिस्क शेजारी शेजारी, कडेपासून कडेपर्यंत १२ मिलिमीटर अंतर ठेवून. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडापुढे धरायची. तीन चित्रं दिसू शकतात. पहिलं, दोन्ही डिस्कला लागून ग्रोथ, झोनच नाही. दुसरं, इरिथ्रोमायसिनभोवती झोन नाही किंवा छोटा, पण क्लिंडामायसिनभोवती गोल गरगरीत झोन. तिसरं सगळ्यात बघण्यासारखं, क्लिंडामायसिनचा झोन तीन बाजूंनी गोल पण इरिथ्रोमायसिनच्या बाजूला सरळ कापल्यासारखा चपटा, इंग्रजी डी अक्षरासारखा. डिस्क लांब ठेवल्या तर हा चपटेपणा दिसतच नाही आणि क्लिंडामायसिन सेन्सिटिव्ह म्हणून रिपोर्ट जातो.

पहिल्या आणि तिसऱ्या चित्रामागे अर्म जातीची जीन असते. ती रायबोसोमवर, २३एस आरएनएच्या एका ठराविक जागी, मिथाइल चिकटवते आणि मॅक्रोलाइड, क्लिंडामायसिन दोघांनाही बसायला जागा राहत नाही. पहिल्या चित्रात ही जीन कायम चालू असते, तिसऱ्यात इरिथ्रोमायसिन समोर आल्यावर चालू होते. दुसऱ्या चित्रात मेफ नावाचा पंप असतो, तो इरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन बाहेर फेकतो पण क्लिंडामायसिनला हात लावत नाही. (इरिथ्रोमायसिन डिस्कचा निकाल ॲझिथ्रो आणि क्लॅरिथ्रोलाही लागू होतो, त्यांची वेगळी डिस्क लावायची गरज नाही.)

याचा पेशंटशी थेट संबंध आहे. नेक्रोटायझिंग फॅसायटिस (कातडीखालचा भाग सडवणारं इन्फेक्शन) किंवा स्ट्रेप टॉक्सिक शॉकमध्ये आपण पेनिसिलिनबरोबर क्लिंडामायसिन देतो ते टॉक्सिन बनणं थांबवण्यासाठी, कारण ते रायबोसोमवरच काम करतं. तुमच्या विभागातले १४ पंपवाले असतील तर क्लिंडामायसिन शाबूत आहे. अर्मवाले असतील तर आयसीयूतल्या त्या एका पेशंटसाठी हातातलं एक चांगलं हत्यार बोथट झालंय, आणि ही खबर घसादुखीच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी महत्त्वाची. म्हणून मी म्हणेन की तुमच्या स्लाइडवर एकच आकडा न टाकता डी टेस्टचे तीन गट टाका. लॅबने आयसोलेट जपून ठेवले असतील तर १४ डी टेस्ट फार मोठं काम नाही. ठेवले नसतील तर आजपासून ठेवायला लावा.

एक तांत्रिक गोष्ट राहिली, कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये मीडियम थोडं आम्लधर्मी होतं आणि मॅक्रोलाइडचा जोर त्यात कमी पडतो, झोन लहान येतात. म्हणून काठावरचे झोन, १६ ते २० मधले, यांना घाईने रेझिस्टंटमध्ये ढकलू नका. ते इंटरमिजिएट म्हणून वेगळे दाखवा.

आता समजा हे सगळं तपासून झालं आणि आकडा ४० च्या आसपासच राहिला. तरीही प्रश्न उरतोच, हे औषधाच्या जास्त वापराने झालं की एकच रेझिस्टंट क्लोन, म्हणजे एकाच जंतूची पिलावळ, मुलांमध्ये फिरतोय? दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो, पण उपाय वेगळे.

क्लोनचं नावाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं आहे. तिथल्या एका शाळेतल्या मुलांचे घशाचे स्वॅब संशोधक नियमित घेत होते. ऑक्टोबर २००० ते मे २००१ मधल्या ग्रुप ए आयसोलेटपैकी ४८ टक्के इरिथ्रोमायसिनला रेझिस्टंट निघाले. क्लिंडामायसिनला एकही नाही, म्हणजे सगळे पंपवाले. टायपिंग केल्यावर कळलं की हा सगळा एकाच स्ट्रेनचा पसारा आहे, आणि शाळेबाहेरच्या लोकांतही तो पोचला होता. नुसती टक्केवारी बघणाऱ्याने म्हटलं असतं की या गावातले डॉक्टर मॅक्रोलाइड फार लिहितात. खरं तर एक जंतू वर्गावर्गातून फिरत होता. ग्रुप ए स्ट्रेपचे एम प्रोटीनच्या जीनवरून दोनशेहून जास्त प्रकार ओळखले गेलेत, आणि ते लोकांमध्ये येतात जातात, दर काही वर्षांनी पत्ते पिसल्यासारखे बदलतात. रेझिस्टंट प्रकार आला की टक्केवारी चढते, तो गेला की उतरते, कोणी काही न करता. म्हणूनच मघाशी भावंडांवर आणि वसतिगृहातल्या मुलांवर खूण करायला सांगितली. १४ पैकी ९ एकाच शाळेचे निघाले तर तुमच्याकडे विभागाचा प्रश्न नाही, त्या शाळेचा आहे.

औषधाच्या दबावाचं उदाहरण फिनलंडचं. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रुप ए मधला इरिथ्रोमायसिन रेझिस्टन्स चढत होता. देशभर डॉक्टरांना सांगितलं गेलं की घसा आणि त्वचेच्या इन्फेक्शनला बाहेरच्या पेशंटमध्ये मॅक्रोलाइड कमी लिहा. वापर १९९१ मध्ये दर हजार लोकांमागे दिवसाला २.४० डोस होता, तो १९९२ मध्ये १.३८ वर आला आणि तिथेच राहिला. रेझिस्टन्स १९९२ मध्ये १६.५ टक्के होता तो १९९६ मध्ये ८.६ झाला. मला या उदाहरणात निम्मा झाल्यापेक्षा चार वर्षं लागली हे जास्त महत्त्वाचं वाटतं. वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी परत आकडा मागतील आणि काही बदललं नाही म्हणून सगळं सोडून देतील.

इतका वेळ का लागतो त्याचं एक कारण व्हिरिडन्समध्ये आहे. २००७ मध्ये बेल्जियमच्या एका गटाने निरोगी लोकांना ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनचा एक कोर्स देऊन त्यांच्या तोंडातले स्ट्रेप मोजले, प्लासिबोवाल्यांशी (औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांशी) तुलना करून. काही दिवसांतच रेझिस्टंट स्ट्रेपचं प्रमाण सुमारे ५० टक्के गुणांनी वर गेलं आणि सहा महिन्यांनंतरही ते पूर्ण मूळ जागी आलं नव्हतं. एक कोर्स, सहा महिने. क्लॅरिथ्रोमायसिनने तर अर्म जीनवाले जास्त निवडले. आता विचार करा, व्हायरल सर्दीला तीन दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन घेतलेलं प्रत्येक मूल पुढचे कित्येक महिने घशात रेझिस्टन्सच्या जीनचा साठा घेऊन वर्गात बसतंय. त्या जीन फिरत्या तुकड्यांवर असतात आणि एका स्ट्रेपमधून दुसऱ्यात जाऊ शकतात. कित्येकदा त्याच तुकड्यावर टेट्रासायक्लिन रेझिस्टन्सची टेट-एम जीनही शेजारी बसलेली असते, म्हणजे डॉक्सिसायक्लिनचा वापर झाला तरी मॅक्रोलाइड रेझिस्टन्स टिकून राहतो. मला खरोखर कळकळीने वाटतं की हा तीन दिवसांचा कोर्स निरुपद्रवी आहे हा समज आपल्या डॉक्टरमंडळींतून गेला पाहिजे. पेशंटला काही होत नाही हे खरं आहे, पण त्याच्या घशात जे होतं ते शेजारच्या मुलालाही भोगावं लागतं.

आणि एकाच औषधाचा मारा सगळ्या लोकांवर केल्यावर काय होतं हे स्ट्रेपने फार पूर्वी दाखवून दिलंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने ट्रेनिंग कॅम्पमधल्या जवानांना स्ट्रेप आणि रूमॅटिक फीव्हर टाळायला रोज सल्फाडायझिन द्यायला सुरुवात केली. आधी केसेस घटल्या, नंतर सल्फा रेझिस्टंट स्ट्रेप आले आणि कॅम्पाकॅम्पांतून पसरले. पेनिसिलिनबाबतीत तसं झालं नाही हे आपलं नशीब.

तर इथपर्यंतचं असं. पेनिसिलिनवाले दोन रिपोर्ट आधी तपासा, यादीतून डुप्लिकेट आणि दुसऱ्या जातीचे स्ट्रेप काढा, मॅक्रोलाइड आधी घेतलं होतं का ते बघा, डी टेस्ट लावा, आणि एकाच ठिकाणचे किती ते मोजा. एम टायपिंग करता आलं तर उत्तमच, रेफरन्स लॅबला विचारून बघा.

ॲलर्जीबद्दल म्हटलं होतं ते आता. मॅक्रोलाइड इतकं का जातं याचं एक कारण केसपेपरवर लाल शाईने लिहिलेलं पेनिसिलिन ॲलर्जी. साधारण दहातला एक माणूस आपल्याला ती आहे म्हणतो, नीट तपासल्यावर खरी ॲलर्जी फार थोड्यांत निघते. लहानपणी ताप आणि पुरळ आलं, तेव्हा अमॉक्सिसिलिन चालू होतं, आणि शिक्का बसला तो कायमचा. उलट्या किंवा जुलाब झाले म्हणजे ॲलर्जी नव्हे. काय झालं होतं, गोळी घेतल्यावर किती वेळाने, किती वर्षांपूर्वी, नंतर कधी अमॉक्सिसिलिन घेतलं का, हे चार प्रश्न विचारा. साधं पुरळ असेल तर सेफालेक्सिनसारखं फर्स्ट जनरेशन बहुतेकांना चालतं. अंगावर गांधी उठून धाप लागली, चेहरा सुजला, बीपी पडलं असा इतिहास असेल तर मात्र बीटा-लॅक्टमला (पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन हा सगळा गट) स्वतःहून हात लावू नका, अशा पेशंटचा स्वॅब जरूर पाठवा आणि डी टेस्टसकट रिपोर्ट बघून क्लिंडामायसिन की मॅक्रोलाइड ते ठरवा. तुमच्या ४४ टक्क्यांचा खरा उपयोग या थोड्या पेशंटसाठी आहे. त्यांना आंधळेपणाने ॲझिथ्रोमायसिन देऊ नये एवढं तर तो आकडा आजच, सगळ्या त्रुटींसकट सांगतो. गर्भवती बाईला खरी पेनिसिलिन ॲलर्जी असेल आणि ग्रुप बी स्ट्रेप मिळाला असेल तर तिथेही हेच, क्लिंडामायसिनचा रिपोर्ट हातात हवा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पेनिसिलिन देऊनही दोन मुलं बरी झाली नाहीत, मग रेझिस्टन्स नाही कसं म्हणता. गोळ्या चौथ्या दिवशी बंद झाल्या का ते आधी विचारा, बरं वाटलं की आई-वडील बंद करतात, साहजिक आहे. दुसरी शक्यता, मूल नुसतं कॅरिअर आहे. शाळेतल्या निरोगी मुलांपैकी साधारण आठातल्या एकाच्या घशात ग्रुप ए स्ट्रेप काही त्रास न देता राहतो, त्याला व्हायरल घसादुखी झाली की कल्चर पॉझिटिव्ह येतंच, आणि पेनिसिलिनने व्हायरस कसा जाणार. खोकला, नाक गळणं, डोळे लाल असं असेल तर मुळात स्वॅबच घेऊ नका. विभागाची टक्केवारी काढताना हे कॅरिअरही यादीत शिरलेले असतात हेही ध्यानात ठेवा.

पुढच्या वर्षीचा आकडा खरंच विभागाबद्दल बोलावा असं वाटत असेल तर दोन-तीन ओपीडी आणि एखादी शाळा निवडा, ठरलेल्या लक्षणांत बसणाऱ्या आणि गेल्या महिन्यात अँटिबायोटिक न घेतलेल्या प्रत्येक मुलाचा स्वॅब घ्या, बरं न झालेल्यांचे वेगळे ठेवा, आणि वर्षभर चालवा कारण स्ट्रेपचे महिने असतात. तीनशे आयसोलेट मिळाले आणि त्यातले ३० टक्के रेझिस्टंट आले तर इंटरव्हल २५ ते ३५ असा होतो, त्यावर धोरण ठरवता येतं. किती जमेल ते तुमच्या माणसांवर आणि लॅबवर अवलंबून आहे, शंभर मिळाले तरी आत्तापेक्षा खूप बरं.

आणि या मीटिंगच्या स्लाइडसाठी मी असं लिहीन: "सहा महिन्यांत लॅबमध्ये आलेल्या घशाच्या स्वॅबमधले स्ट्रेप्टोकोकस ३२, इरिथ्रोमायसिन रेझिस्टंट १४ (४४ टक्के, इंटरव्हल २८ ते ६१). बहुतेक स्वॅब उपचार लागू न पडलेल्या पेशंटचे. डी टेस्ट आणि ओळख पडताळणी चालू. पेनिसिलिन रेझिस्टन्स सिद्ध नाही. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन हेच पहिलं औषध राहील." यातलं उपचार लागू न पडलेले हे मी तुमच्या वर्णनावरून धरलंय, केसपेपर बघून तसं नसेल तर ती ओळ बदला. विभागातला रेझिस्टन्स असं शीर्षक मात्र देऊ नका, लॅबमधल्या आयसोलेटमधला रेझिस्टन्स असं द्या.